गोठवलेल्या कँडी-फळांचे आवरण सादळते, ओघळते, सुटून येते : कारण कसे ओळखावे आणि काय करावे

तक्रार नेहमी एकाच स्वरूपात येते. रात्री द्राक्षे जेली पावडरमध्ये घोळवून फ्रीजरमध्ये ठेवताना प्रत्येक मणी कोरडा, रवाळ आणि रंगाने भरलेला दिसत होता. दुसऱ्या दिवशी मुले जमल्यावर डबा उघडला, तर मणी एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला, आवरण जागोजागी निसटून साल उघडी पडलेली आणि डब्याच्या तळाशी रंगीत पाक साचलेला. भाचीच्या वाढदिवसासाठी केलेली दोन किलो द्राक्षे माझ्या हातून अशीच वाया गेली. पावडर कमी पडली असावी असे समजून पुढच्या खेपेला ती दुप्पट लावली, तर तळाशी पाकही तेवढाच वाढला, आणि तेव्हा लक्षात आले की दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे चालले आहे.

हा दोष पावडरीचा नसून पाण्याचा असतो. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे चमचाभर पाणी दोन चमच्यांहून अधिक साखरेचा पाक करू शकते, आणि आवरणात एकूण साखर असते तरी किती? हे पाणी तीन वाटांनी येते : धुतल्यावर सालीवर राहिलेले, फळाच्या आतून सुटलेले आणि हवेतून येऊन बसलेले. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी पाणी कोणत्या वाटेने आले हे शोधावे लागते, आणि ते शोधण्याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे वेळ. पावडर लावत असतानाच ती ओली होऊन गुठळ्या होत असतील, तर पाणी सालीवरचे आहे. लावताना सगळे ठीक होते पण रात्रभरात फ्रीजरमध्येच पाक सुटला, तर दोष फळाच्या रसात आणि फ्रीजरच्या तापमानात आहे. फ्रीजरमधून काढताना आवरण कोरडे होते आणि टेबलावर ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांत चिकट झाले, तर ते पाणी हवेतले आहे.

आणखी एक फरक सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक घोटाळा तो न पाळल्याने होतो. ‘कँडी लावलेली फळे’ या एकाच नावाखाली दोन अगदी निराळे पदार्थ येतात. एकात फळ कोरड्या जेली पावडरीत किंवा आंबटगोड साखरेत घोळवून गोठवतात. दुसऱ्यात फळ उकळत्या कडक पाकात बुडवून त्याच्यावर काचेसारखे पारदर्शक कवच चढवतात. पहिला पदार्थ फ्रीजरसाठीच आहे. दुसरा फ्रीजरमध्ये साठवण्यासाठी नाही. एकाची कृती दुसऱ्याला लावली की हमखास बिघडते. आधी पावडरीचा प्रकार घेतो.

पावडर लावतानाच ती ओली होत असेल तर

द्राक्षाच्या सालीवर जो पांढुरका थर दिसतो, तो फळाचा स्वतःचा मेणासारखा लेप असतो. त्याच्यावर पाणी पसरत नाही, थेंबाथेंबाने उभे राहते. आणि अशा थेंबांवर पावडर टाकली की थेंब असेल तिथे गुठळी होते आणि थेंब नसेल तिथे साल कोरी राहते. म्हणून द्राक्षे कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून हलक्या हाताने चोळून धुवावीत, मग साध्या पाण्याने दोनदा खळबळून घ्यावीत. लेप बराचसा निघून जातो आणि साल सगळीकडे सारखी ओली होण्यासारखी होते. धुण्याचे काम फळे गोठवण्याआधीच नीट झाले पाहिजे. थंडीने जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत.

यानंतर वाळवणे, आणि इथे घाई करू नये. चाळणीत निथळून, फडक्याने पुसून, कोरड्या सुती कापडावर एका थरात पसरून द्राक्षे तासभर पंख्याखाली ठेवावीत. हाताला कोरडी लागणे पुरेसे नाही, कारण पाणी देठाच्या खाचेत दडून राहते. माझ्या बिघडलेल्या द्राक्षांपैकी काही मणी मी एकेक करून उजेडात फिरवून पाहिले होते. आवरण सगळ्यांत आधी देठाच्या टोकालाच विरघळले होते. त्या जागी मसुराएवढा चकचकीत ओला ठिपका होता आणि त्याच्यापासून एक पातळ ओघळ खाली गेला होता. देठ ओढून काढला की तिथे साल फाटते, आतला रस उघडा पडतो, आणि धुताना त्याच खाचेत पाणीही शिरते. त्यामुळे आता मी द्राक्षे देठासकट धुते आणि वाळवते, आणि शेवटी कात्रीने देठाचा अगदी बारीकसा खुंट ठेवून कापते. कापायचे किंवा चिरायचे मणी असतील तेव्हा अर्थातच देठ काढावा लागतो. त्यांचा विचार पुढे येईल.

एवढे वाळवल्यावर पुन्हा ओल द्यायची असते. ही विसंगती नव्हे. नको असलेले, न मोजलेले पाणी काढून टाकून हवे तेवढे मोजून द्यायचे आहे. अर्धा किलो द्राक्षांना एक छोटा चमचा लिंबाचा रस पुरतो. मोठ्या भांड्यात रस घालून मणी हलवत राहावे, म्हणजे प्रत्येकावर जेमतेम दमटपणा येतो. भांड्याच्या तळाशी रस उरलेला दिसला तर तो जास्त झाला असे समजून ओतून टाकावा.

पावडरीचे सगळे पाकीट एकदम ताटात ओतू नये. छोट्या कोरड्या वाटीत दोन-तीन चमचे घ्यावी, दहा-बारा मणी टाकून वाटी गोल फिरवावी, मग ते मणी मोकळ्या चाळणीत घेऊन जास्तीची पावडर झटकावी. एका हाताने फक्त ओली फळे आणि दुसऱ्या हाताने फक्त कोरडी पावडर हाताळली, तर निम्म्या गुठळ्या टळतात. थर पातळच हवा. सुटी राहिलेली पावडर आवरणाला बळकटी देत नाही; ती फ्रीजरमध्ये मिळेल तेवढे बाष्प ओढून घेते आणि पाकाची सुरुवात तिथूनच होते.

साध्या साखरेपेक्षा जेली पावडर का टिकते, असे अनेक जण विचारतात. जेली पावडरीतही बराचसा भाग साखरेचाच असतो, परंतु तिच्यातले जिलेटिन थंड पाण्यातही स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून फुगते आणि ते धरून ठेवते. म्हणजे आलेले थोडे पाणी आधी जिलेटिन अडवते आणि साखरेपर्यंत कमी पोचू देते. नुसत्या साखरेला असा राखणदार नसतो. जिलेटिन प्राणिज असल्याने ज्यांना ते चालत नाही, त्यांनी शाकाहारी जेली पावडर घ्यावी; मात्र तिच्यात अगरसारखे (समुद्री शेवाळापासून मिळणारे) घटक असतील तर ते गरम पाण्यातच विरघळतात, म्हणून थंडीत मी त्यांच्यावर जिलेटिनइतकी भिस्त ठेवत नाही. अशा वेळी चार चमचे पावडरीत एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळावे. चव किंचित बोथट होते, पण आवरण जागेवर राहते.

आंबट आवरणाबद्दल मात्र मी थोडी कठोर आहे. सायट्रिक ॲसिड साखरेत मिसळले की ते मिश्रण नुसत्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी दमट हवेतही पाझरू लागते, कारण दोन विरघळणारे पदार्थ एकत्र आले की प्रत्येकाची ओल सोसण्याची मर्यादा खाली येते. मुलांना तोंड आंबवणारा स्वाद हवा असेल, तर आंबट साखर रात्रभरासाठी लावूच नये. ती वेगळ्या हवाबंद बरणीत ठेवावी आणि फळे वाढण्याच्या क्षणी वरून भुरभुरावी.

लावताना ठीक, पण रात्रभरात फ्रीजरमध्ये पाक सुटला असेल तर

सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते, कारण फ्रीजरमध्ये ठेवलेली वस्तू ओली होईल असे कुणाच्या मनात येत नाही. पण साखर आणि बर्फ एकमेकांना चिकटून असले की साखर बर्फाला शून्याच्या खालीही वितळवते. मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो, तसेच हे आहे. साध्या साखरेच्या बाबतीत ही क्रिया सुमारे उणे १४ अंश सेल्सिअसपर्यंत चालू शकते. त्याहून थंडीत साखर आणि बर्फ शेजारी शेजारी कोरडे राहू शकतात. त्याहून कमी थंडीत त्यांचा पाक होत राहतो. आवरणात ग्लुकोज, फ्रुक्टोज किंवा आंबट पदार्थ असतील, तर ही सीमा आणखी खाली जाते.

म्हणून फ्रीजर खरोखर किती थंड आहे हे पाहणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तपास आहे. गोठवण्याच्या कप्प्यावर ताऱ्यांची खूण असते : एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन तारे म्हणजे उणे १२, तीन तारे म्हणजे उणे १८ किंवा त्याहून थंड. ज्या फ्रिजला एकच दार असते आणि बर्फाचा छोटा कप्पा आतच असतो, तो कप्पा पुष्कळदा एक किंवा दोन ताऱ्यांचा असतो. त्यात पाण्याचा बर्फ व्यवस्थित होतो, द्राक्षेही टणक लागतात, आणि तरीही आवरण रात्रभर पाझरत राहते, कारण कप्पा त्या उणे १४ च्या अलीकडेच थांबलेला असतो. तीन ताऱ्यांचा फ्रीजर असला तरी तो खच्चून भरलेला असेल किंवा दार सारखे उघडले जात असेल, तर प्रत्यक्ष तापमान वर जाते. फ्रीजरमध्ये ठेवायचा साधा तापमापक मिळतो. तो रात्रभर फळांच्या डब्याशेजारी ठेवून सकाळी दार उघडताच वाचावा. उणे १६ किंवा उणे १८ दिसले तर फ्रीजर निर्दोष आहे. उणे १० दिसले तर फळे रात्री नुसतीच गोठवावीत आणि पावडर सकाळी, वाढण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी लावावी. तिथे दुसरा कोणताही उपाय वेळ फुकट घालवतो.

डबा कुठे ठेवला यानेही फरक पडतो. बर्फ न साठणाऱ्या फ्रीजरमध्ये आतले हिम काढण्यासाठी ठरावीक काळाने थोडी उष्णता दिली जाते. त्या वेळी आतले तापमान हलते, आणि ते सगळ्यांत जास्त दाराजवळ जाणवते. डबा मागच्या बाजूला, तळाशी ठेवावा. डबा अर्धा रिकामा असेल तर आतल्या हवेतले बाष्प प्रत्येक चढउतारात फळांवर हिम होऊन बसते आणि पुढच्या चढउतारात वितळते, म्हणून फळांच्या मापाचा लहान, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा आणि थरांमध्ये बटर पेपर घालावा.

दुसरा दोष फळाच्या रसाचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि फळात तर बहुतांश पाणीच असते : द्राक्षात साधारण ८० टक्के, स्ट्रॉबेरीत आणि कलिंगडात ९० टक्क्यांच्या आसपास. फळ हळूहळू गोठले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशींच्या भिंती फाडतात आणि तापमान जरा वर गेले की त्या फाटलेल्या पेशींतून रस बाहेर येतो. फळ भराभर गोठले तर स्फटिक बारीक राहतात आणि ही नासधूस कमी होते. म्हणून डब्यात ढीग करून फळे गोठवू नयेत. धातूचा ट्रे अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवून थंड करावा, त्याच्यावर बटर पेपर अंथरून फळे एकमेकांना न लागतील अशी एका थरात ठेवावीत, आणि पूर्ण टणक झाल्यावर मगच डब्यात भरावीत. अर्ध्या किलोला तीन ते चार तास लागतात.

अख्ख्या सालीच्या फळांना पावडर आधी लावून मग गोठवले तरी चालते. चिरलेल्या फळांच्या बाबतीत क्रम उलटा करावा लागतो. चिरलेल्या बाजूला साल नसते, रस थेट पावडरीला लागतो आणि दहा मिनिटांत पाक होतो. अशा फोडी आधी कापडावर टिपून, ट्रेवर पसरून तास-दीड तास नुसत्याच गोठवाव्यात, म्हणजे चिरलेला भाग टणक होतो. मग एका वेळी दहा-बारा फोडी बाहेर काढाव्यात. अर्ध्या मिनिटात त्यांच्यावर धुरकट पांढरी झाक येते. ती हवेतल्या बाष्पाची असते आणि पावडर धरायला तेवढी ओल बरोबर पुरते. लिंबाचा रस इथे लागत नाही. झाक आली की लगेच घोळवावे आणि लगेच फ्रीजरमध्ये परत ठेवावे. ती झाक जाऊन पृष्ठभाग चकचकीत दिसू लागला तर उशीर झाला. तो घास पावडर न लावता खाऊन टाकावा किंवा पुन्हा गोठवावा. भरदार आवरण हवे असेल तर अर्ध्या तासाने असाच दुसरा पातळ थर द्यावा. एकाच जाड थरापेक्षा दोन पातळ थर कितीतरी चांगले धरतात.

फळांची निवडही याच हिशेबाने करावी. द्राक्षे, ब्लूबेरी, बिया काढलेल्या चेरी आणि पातळ पापुद्रा न फाटलेल्या संत्र्याच्या फोडी या कामाला उत्तम. आंबा, अननस आणि केळे वरच्या उलट्या क्रमाने जमतात; केळे काळे पडू नये म्हणून त्याला लिंबाचा रस लावावा लागतो आणि तो नीट टिपावाही लागतो. अननस, किवी आणि पपई यांत जिलेटिन मोडणारी विकरे (एन्झाइम) असतात, त्यामुळे त्यांच्यावरचे जेलीचे आवरण बाहेर आल्यावर इतरांपेक्षा लवकर पातळ होते. स्ट्रॉबेरी अख्खी ठेवली तर जमते, चिरली तर क्वचितच. कलिंगडाचा नाद मी सोडून दिला आहे.

टेबलावर ठेवताच चिकट होत असेल तर

थंड पेल्याच्या बाहेर पाणी साचते, त्याचाच हा प्रकार आहे. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर सुमारे २४ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. मग उणे १८ अंशांच्या द्राक्षावर ते किती वेगाने धरेल याची कल्पना करता येईल. हे दव थांबवणारी कोणतीही पावडर नाही. ते उशिरा यावे, एवढीच व्यवस्था आपल्या हातात आहे.

सगळी फळे एकदम बाहेर मांडण्याचा मोह टाळावा. वाढायची वाटी तासभर फ्रीजरमध्ये ठेवावी, तिच्यात पंधरा-वीस मणीच घ्यावेत, आणि ती संपली की दुसरी गार वाटी आणावी. मुले जास्त असतील तर धातूच्या पसरट भांड्याखाली गोठवलेल्या जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. बर्फात मीठ घालून त्याच्यावर भांडे ठेवले तर अधिक थंडी मिळते, परंतु मीठ-बर्फाच्या मिश्रणाला हात लागला तर शीतदंशासारखी इजा होऊ शकते, म्हणून जिथे मुले स्वतः हात घालणार असतील तिथे ते वापरू नये. दमट हवेच्या दिवशी दहा मिनिटे आणि कोरड्या हवेत वीस मिनिटे, एवढाच अवधी धरून चालावे. पंखा वाटीवर रोखू नये. तो सतत नवी दमट हवा फळांवर आणून घालतो.

रंगीत ओघळांमुळे कपडे आणि टेबल खराब होतात, ही याच प्रश्नाची दुसरी बाजू. आवरणातले रंग पाण्यात विरघळणारे असल्याने दव धरताच ते वाहू लागतात. दोन रंगांची फळे एकाच वाटीत ठेवली तर मिसळून मळकट दिसतात, त्यामुळे रंगागणिक वाटी वेगळी ठेवावी.

काचेसारखे कवच : मऊ पडते, दाताला चिकटते, तडकते

कवच दाताला चिकटत असेल तर पाक कच्चा राहिला आहे, आणि दहापैकी आठ वेळा दोष तिथेच असतो. चार वाट्या साखरेला दोन वाट्या पाणी घेऊन शिजवलेला पाक १४९ ते १५४ अंशांपर्यंत गेला पाहिजे. तेव्हा त्यात जवळपास एक टक्काच पाणी उरते. १४० अंशांवर उतरवलेला पाक दिसायला तसाच असतो, थंड झाल्यावर टणकही वाटतो, पण चावताच दाढेला चिकटतो. तापमापकावर विश्वास ठेवण्याआधी तो उकळत्या पाण्यात धरून पाहावा. समुद्रसपाटीला १०० दिसायला हवेत आणि उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. तुमच्याकडे उकळत्या पाण्यात ९७ दिसत असतील, तर पाक १४७ वर आल्यावर उतरवावा. तापमापक नसेल तर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकावा. त्याची तार बोटांत वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. वाकली तर अजून वेळ आहे.

कवच काचेसारखे न होता पांढरे आणि रवाळ झाले असेल, तर पाकाने साखर धरली आहे. साखर विरघळून उकळी आली की त्यात पळी घालू नये, आणि पातेल्याच्या कडेला लागलेले कण ओल्या ब्रशने खाली उतरवावेत. लिक्विड ग्लुकोज थोडे घातले तर ही भीती बरीच कमी होते. लिंबाच्या रसानेही तेच साधते, पण त्यामुळे कवच लवकर सादळते, म्हणून मी ग्लुकोजच वापरते.

गोठवलेले फळ उकळत्या पाकात कधीही बुडवू नये. त्याच्यावरचे हिम १५० अंशांच्या पाकाला लागताच पाण्याची वाफ होऊन पाक अंगावर उडतो. शिवाय कवचाखाली पाण्याचा थर राहून ते सुटून येते किंवा जागीच तडकते. फळ खोलीच्या तापमानाचे आणि पूर्ण कोरडे हवे. बुडवताना पातेले कलते करून फळ एकदाच फिरवावे, निथळू द्यावे आणि तेल लावलेल्या बटर पेपरवर ठेवावे. मग हवे तर दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवून लगेच खावे. रात्रभर ठेवले तर फळाचा रस आतून आणि बाष्प बाहेरून, असे दोन्हीकडून ते कवच विरघळत जाते.

गोठलेले फळ आणि काचेसारखा कुरकुरीतपणा दोन्ही हवे असेल, तर मला एकच वाट सापडली आहे. कडक पाक फळावर न घालता बटर पेपरवर पातळ पसरून थंड करावा, कुटून चाळणीतून जाईल इतका बारीक करावा आणि हवाबंद बरणीत ठेवावा. वाढताना गोठलेल्या फळांवर झाक आली की त्यात घोळवावे. दाताखाली चुरचुर ऐकू येते आणि कवच टिकवण्याची काळजीच उरत नाही. चाळणी टाळू नये. मोठे तुकडे काचेसारखेच टोकदार असतात.

कडक पाक करताना मुले स्वयंपाकघरात नसावीत. तो कातडीला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. भाजलेच तर ती जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावी, बर्फ लावू नये, चिकटलेला पाक ओढून काढू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

लहान मुले असतील तर

अख्खे द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमके अडकेल एवढे असते. गोठल्यावर ते टणकही होते. पाच वर्षांखालील मुलांना ते अख्खे कधीच देऊ नये. उभे चिरून चार भाग करावेत. आडवे दोन काप करून उपयोग नाही, कारण कापाचा गोलाकार तसाच राहतो. हे तुकडे वर सांगितलेल्या उलट्या क्रमाने करावेत आणि तोंडात घालण्याआधी दोन मिनिटे बाहेर ठेवून थोडे मऊ होऊ द्यावेत. ब्लूबेरी बोटांनी दाबून चपटी करून मग गोठवावी आणि चेरीचेही चार भाग करावेत. काचेसारखे कवच आणि त्याचा चुरा या वयाच्या मुलांसाठी नाहीच. टोकदार काड्या त्यांच्या ताटात ठेवू नयेत, आणि मुले धावत असताना कुणालाच असा खाऊ देऊ नये. मिश्र वयाची मुले जमणार असतील तर मी सगळ्यांसाठी उभे चिरलेले तुकडेच करते, कारण एकदा वाट्या मांडल्या की कोणता मणी कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही. रंगांची ॲलर्जी असलेले मूल आहे का, हे आईवडिलांना आधीच विचारून ठेवावे.

उरलेल्या फळांविषयी. ज्या वाटीत मुलांचे हात गेले ती परत गोठवू नये. फ्रीजरमधून बाहेरच न आलेली फळे मी चार दिवस ठेवते. त्यानंतर आवरण घट्ट राहिले तरी फळ कोरडे आणि बेचव लागू लागते. डबा उघडल्यावर गोळा झालेला दिसला, तर तो सोडवत बसण्यापेक्षा तसाच मिक्सरमध्ये फिरवावा. पावडरीचा गोडवा आणि रंग त्यात आधीच असल्याने दोन मिनिटांत चांगले सरबतासारखे बर्फाळ मिश्रण तयार होते आणि ते लगेच ग्लासांत वाढता येते. वाटीत उरलेली पावडर मात्र पाकिटात परत ओतू नये. तिला फळांची ओल लागलेली असते, आणि ती चमचाभर पावडर उरलेले सगळे पाकीट सादळवते.